दुसऱ्या चंद्राची भानगड

वाचक विचारतात, बाई सांगतात

गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रं आणि मोबाइलवरचे निरोप एकत्र चाळले, तर निम्म्यांच्या मुळाशी एकच फॉरवर्ड निघतो. "नासाने मान्य केले! २०८३ पर्यंत पृथ्वीला दोन चंद्र!" खाली समुद्रावर शेजारी शेजारी उगवलेले दोन पूर्णचंद्र आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी क्लासची जाहिरात. त्यामुळे पाल छतावरून पडत का नाही, इन्व्हर्टरला कुठलं पाणी घालावं वगैरे प्रश्न या वेळी मागे ठेवलेत. विचारणाऱ्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालोय. नातू सहावीत आहे. दुसरा चंद्र बघायचाच म्हणून तो मला रोज जेवणानंतर गच्चीवर ओढतो. एकदा उजळाईवाडीकडं उतरणाऱ्या विमानाचा दिवा दाखवून सुटका करून घेतली, तर पोरगं म्हणालं, "आजोबा, हा लुकलुकतोय." आता तुम्हीच सांगा, तो दगड पृथ्वीभोवती फिरतो का नाही?
एक आजोबा, राजारामपुरी

उत्तर : नातवाची नजर चांगली आहे, त्याला फसवायचा नाद सोडा. सरळ सांगून टाका की तो दिसणार नाही. गच्चीवरून नाही, पन्हाळ्यावरून नाही आणि बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही दुर्बिणीतून नाही.

दगड मात्र खरा आहे. नाव २०२५ पीएन७. हवाई बेटांवर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या माथ्यावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं ऑगस्ट २०२५ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत तो सापडला. आकार अंदाजे वीस मीटर. अंदाजे अशासाठी की इतक्या लहान वस्तूचा आकार थेट मोजता येत नाही. ती किती उजेड परतवते त्यावरून काढतात. दगड काळपट असेल तर तेवढाच उजेड परतवायला तो जरा मोठा असावा लागतो, पांढुरका असेल तर लहानही चालतो. त्याची कक्षा आपल्या कक्षेशी विलक्षण जुळते हे ज्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, त्यांत एक फ्रेंच पत्रकार होता. आकाशाचा अभ्यास हा त्याचा फावल्या वेळचा छंद. मला या बातमीतलं हे सगळ्यात आवडलं, आणि नेमकं हेच फॉरवर्डमध्ये नव्हतं.

आता तुमचा मुद्दा. तो सूर्याभोवती फिरतो. आपल्यासारखाच, आणि जवळजवळ आपल्याइतक्याच वेळात. मग पृथ्वीभोवती फिरतो असं का म्हणतात?

सकाळी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्यांना हे चटकन कळेल. तळ्याच्या मध्यावर सूर्य आहे असं धरा. तुम्ही तळं डाव्या हाताला ठेवून, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट, एका लयीत चालताय. तुमचा मित्रही त्याच दिशेनं चालतोय आणि त्याची फेरी तुमच्याइतक्याच वेळात पुरी होते. पण गडी लहरी. शालिनी पॅलेसची बाजू आली की पाण्याच्या कडेनं, तुमच्या आतून, झपाझप चालणार. पलीकडं टॉवरची बाजू आली की बाहेरून, रस्त्याच्या कडेनं, रेंगाळणार. आता चालता चालता त्याच्यावर नजर ठेवा. आधी तो तुमच्या डाव्या हाताला आहे आणि पुढं सटकतोय. थोड्या वेळानं बरोबर तुमच्या समोर. मग वेग उतरतो, तो बाहेर सरकतो आणि तुम्ही त्याला गाठता, तेव्हा तो उजव्या हाताला. नंतर मागं पडतो. मग आत शिरून पुन्हा डावीकडं हजर. डावीकडं, समोर, उजवीकडं, मागं : झाली की तुमच्याभोवती एक फेरी! हा बाबा माझ्याच भोवती घिरट्या घालतोय असं तुम्ही शपथेवर सांगाल. शालिनी पॅलेसच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोघं तळ्याभोवती फिरताना दिसतील.

अशा दगडांना क्वासी-सॅटेलाइट म्हणतात. त्यांचा लहरीपणा केपलरच्या नियमानं बांधलेला असतो. सूर्याजवळ आला की वेग वाढतो, लांब गेला की उतरतो. याच जातीतला आणखी एक, कामोओआलेवा, २०१६ साली त्याच पॅन-स्टार्सला सापडला. त्याच्यावर जास्त काम झालंय म्हणून आकडे त्याचे देते. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १५ कोटी किलोमीटरवर राहते. हा दगड १३ कोटी ४० लाखांपर्यंत आत येतो आणि १६ कोटी ५० लाखांपर्यंत बाहेर जातो. आत असताना वेग सेकंदाला ३३ किलोमीटर, बाहेर असताना २७. आपला साधारण ३०. त्यामुळे वर्षातून एकदा तो आपल्याभोवती फिरल्यासारखा दिसतो, तोही लांबट घेरात, कारण पुढं-मागं सरकण्याची मजल आत-बाहेरच्या दुप्पट असते. या सगळ्या फिरण्यात तो आपल्या चंद्राच्या अंतराच्या ३८ पटींपेक्षा जवळ कधी येत नाही.

हे ३८ पट म्हणजे जवळजवळ दीड कोटी किलोमीटर. सूर्यासमोर पृथ्वीच्या ओढीचा वट चालतो तो फार तर १५ लाख किलोमीटरपर्यंत. आपलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला जिथं जाऊन बसलं, ते ठिकाण साधारण याच वेशीवर येतं. चंद्र या वेशीच्या चांगलाच आत आहे, चार लाख किलोमीटरच्या अलीकडं. कामोओआलेवा तिच्या दहापट बाहेर. उद्या पृथ्वी गायब झाली तर चंद्राचा मालक त्या क्षणी बदलेल. या दगडाच्या वाटेत मात्र पुढची कितीतरी वर्षं लक्षात येण्यासारखा फरक पडणार नाही.

तरी पृथ्वीचं अगदीच काही चालत नाही असं नाही. दोघांच्या फेऱ्यांचा वेळ तंतोतंत जुळत नाही, म्हणून तो घेर वर्षावर्षाला किंचित पुढं किंवा मागं घसरत असतो. फार घसरला की आपली हलकी ओढ त्याला परत आणते. कामोओआलेवाची ही सोबत शंभरेक वर्षांपासूनची आहे आणि अजून काही शतकं टिकेल. पीएन७ची तुलनेनं थोडी : साठेक वर्षं झाली, २०८३च्या सुमारास हात सुटेल. म्हणजे तुम्ही बँकेत चिकटलात तेव्हाही तो होताच, कुणाला खबर नव्हती इतकंच. "आजपासून दुसरा चंद्र" ही बातमी तेवढ्यापुरती शिळी.

आणि दिसत का नाही, तेही नातवाला सांगा. कामोओआलेवा दर एप्रिलमध्ये त्यातल्या त्यात उजळतो. तेव्हाही नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा तो एक कोटी पटींनी मंद असतो. पीएन७ त्याहून लहान आहे.

प्रश्न : बाई, उद्या पाऊस पडेल का हे नीट सांगता येत नाही. मग हा दगड २०८३ ला जाणार हे कसं सांगतात? आणि ते चुकलं तर कुणाला विचारायचं?
इयत्ता नववी, कागल

उत्तर : बाळ, चुकलं तर तूच विचारायचंस, तोवर तू असशील. मी नसेन, म्हणून आत्ताच सांगून मोकळी होते.

पावसामागं हवेच्या अगणित झुळका, बाष्प, डोंगर, समुद्र असा सगळा बारदाना असतो. दगडाला ओढणारे मोजके : सूर्य, ग्रह, चंद्र. गणित असं करतात. दगड आत्ता कुठं आहे आणि कोणत्या दिशेनं किती वेगात चाललाय हे लिहायचं. प्रत्येकाची ओढ काढायची. तेवढ्या ओढीनं थोड्या वेळात तो किती सरकेल ते काढायचं. नव्या जागी पुन्हा सगळ्यांच्या ओढी. पुन्हा सरकवायचा. नववीच्या गणितावर हे वहीतसुद्धा सुरू करता येतं, फक्त वह्या पुरणार नाहीत. संगणकाला कंटाळा येत नाही, तो २०८३ पर्यंत जातो.

अवघड भाग वेगळाच आहे : सुरुवातीची जागा आणि वेग. छायाचित्रात ठिपका कुठल्या दिशेला आहे तेवढंच कळतं, किती लांब आहे ते कळत नाही. जवळचा संथ दगड आणि लांबचा वेगवान दगड दोन-चार रात्री सारखेच दिसू शकतात. उलगडा व्हायला तो बराच काळ नजरेखाली राहावा लागतो.

ही पंचाईत पहिल्यांदा झाली ती १ जानेवारी १८०१ ला. सिसिलीतल्या पालेर्मोत पियात्सी नावाच्या धर्मगुरूला एक सरकणारा ठिपका दिसला, सेरेस. फेब्रुवारीपर्यंत त्यानं नोंदी केल्या, मग आजारपण आलं, आणि पुढं ठिपका सूर्याच्या उजेडात बुडाला. युरोपभर शोधाशोध झाली. बाहेर आल्यावर आकाशात कुठं बघायचं हेच कुणाला ठरवता येईना, कारण हाती होता कक्षेचा नखाएवढा तुकडा. तेव्हा गाउस हा चोवीस वर्षांचा गणिती पुढं आला. त्या तुटपुंज्या नोंदींवरून पूर्ण कक्षा काढायची नवी रीत त्यानं बसवली आणि जागा सांगितली. वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरच्या रात्री, सेरेस त्या जागेच्या जवळच सापडला. आज संगणकात जे चालतं त्याचा पाया तिथला आहे. गणिताच्या तासाला "याचा उपयोग काय?" विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगत आले. निम्मे ऐकतात.

आपल्या पीएन७चं नशीब बरं. २०२५ मध्ये सापडल्यावर जुनी छायाचित्रं उकरली, तर २०१४ पर्यंतच्या चित्रांत तो निघाला. तेव्हा तो कुणाच्या लक्षात आला नव्हता, पण ठिपका उमटलेला होता. अकरा वर्षांची वाट हाती आल्यावर कक्षा पक्की होते.

जुन्या चित्रांनी एकदा अख्ख्या जगाची झोप वाचवली आहे. २००४च्या डिसेंबरात अपोफिस नावाचा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता चढत चढत २.७ टक्क्यांवर गेली. मग त्याच वर्षीच्या मार्चमधली काही चित्रं सापडली, त्यांत तो होता, आणि २०२९ची धडक कायमची रद्द झाली. २०२४ वायआर४ या साठेक मीटरच्या दगडाचंही तसंच. २०३२ साठीचा आकडा फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढला आणि मग काही दिवसांत कोसळला.

चढून मग कोसळतो, हे बघून लोकांना वाटतं शास्त्रज्ञांनी आधी घाबरवलं आणि मग झाकपाक केली. तसं नसतं. सुरुवातीला दगड त्या दिवशी जिथं असू शकेल तो पट्टा लाखो किलोमीटरचा असतो आणि त्यात कुठं तरी पृथ्वी. नवी निरीक्षणं आली की पट्टा दोन्ही टोकांकडून आखडतो. पृथ्वी अजून त्याच्या आतच असेल तर उरलेल्या पट्ट्यात तिचा वाटा वाढतो, म्हणून टक्के चढतात. एका दिवशी पट्ट्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडं येतं आणि टक्के शून्याकडं जातात. वहीत एक रेघ काढ, तिच्यावर कुठंही एक ठिपका दे आणि रेघ दोन्हीकडून खोडत ये. दोन मिनिटांत कळेल.

२०८३ला मात्र दगडावरची रेघ समजू नकोस. उन्हानं तापलेला दगड फिरता फिरता दुसऱ्या बाजूनं उष्णता बाहेर टाकतो, त्याचा अगदी बारीक धक्का बसत राहतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. दगड जितका लहान तितका तो जास्त जाणवतो. म्हणून मी "सुमारास" लिहिलं.

प्रश्न : २०२४ मध्ये 'अर्जुन' नावाचा छोटा चंद्र दोन महिन्यांसाठी आला होता असं वाचलं होतं. हा तोच का? आणि महाभारतातलं नाव तिकडच्या लोकांनी कसं काय दिलं?
इचलकरंजी

उत्तर : तो हा नव्हे. त्याचं नाव २०२४ पीटी५, आकार दहा-अकरा मीटर, शोध दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीचा, ७ ऑगस्ट २०२४ चा. पृथ्वीसारख्या कक्षेत, जवळजवळ त्याच पातळीत फिरणाऱ्या लहान लघुग्रहांच्या एका गटाला अभ्यासकांनी बऱ्याच आधी अर्जुनाचं नाव दिलंय. गटाचं नाव बातमीदारांनी दगडाला चिकटवलं.

त्याचा प्रकारही वेगळा. तो आपल्याला गाठताना इतक्या संथ गतीनं आला की २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर २०२४ या काळात, हिशेबापुरता, तो पृथ्वीला बांधलेला ठरत होता. एक फेरीसुद्धा पुरी केली नाही. नालाच्या आकाराचं वळण घेऊन निघून गेला. खरा छोटा चंद्र बघायचा तर २००६ आरएच१२०. जेमतेम दोन-तीन मीटरचा तुकडा, पण २००६ ते २००७ मध्ये पृथ्वीभोवती खरोखर फेऱ्या मारून गेला.

पीटी५बद्दल खरी गंमत दोन महिन्यांत नव्हती. त्याच्यावरून येणाऱ्या उजेडाचे रंग तपासले तेव्हा ते चंद्रावरच्या खडकांशी जुळले. म्हणजे चंद्रावर कधी काळी काही तरी आदळलं, तुकडे उडाले, त्यांतला हा एक असावा. कामोओआलेवाबद्दलही तोच दाट संशय आहे. मे २०२५ मध्ये चीनचं त्यानवन-२ हे यान तिकडंच निघालं, तिथली माती पृथ्वीवर आणायला. अठ्ठावीस मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेणाऱ्या दगडाला चिकटून माती उचलायची आहे. नुसतं आपल्याभोवती फिरल्यासारखा दिसणारा दगड आपल्याच चंद्राचा निघाला, तर बातमी तीच असेल.

आणि सगळेच दगड दगड नसतात. सप्टेंबर २०२० मध्ये सापडलेला २०२० एसओ हाही छोटा चंद्र म्हणून गाजला. पण उन्हाच्या दाबानंसुद्धा तो जरा जास्तच ढकलला जात होता, म्हणजे आतून पोकळ. उजेड तपासला तर स्टेनलेस स्टील! १९६६ मध्ये सर्व्हेयर-२ यान चंद्राकडं पाठवताना वापरलेला सेंटॉर रॉकेटचा रिकामा टप्पा होता तो.

प्रश्न : दुसऱ्या चंद्राच्या ओढीमुळं अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा सरकतील असं एकानं सांगितलं. खरं आहे का?
मंगळवार पेठ

उत्तर : अजिबात नाही, आणि सांगणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

किरणोत्सव मावळतीच्या सूर्याचा. सूर्य कुठल्या दिवशी क्षितिजावर कुठं मावळेल हे पृथ्वीच्या कललेल्या आसावर आणि सूर्याभोवतीच्या फेरीवर ठरतं. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, अशा दोनदा किरणं गाभाऱ्याकडं का येतात? कॅलेंडर घेऊन मोजा. १० नोव्हेंबरपासून २१-२२ डिसेंबरपर्यंत आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत, दोन्हीकडं ४१-४२ दिवस. त्या सर्वांत लहान दिवसापर्यंत मावळतीची जागा दक्षिणेकडं सरकत जाते आणि मग त्याच वाटेनं परत येते. जाताना एकदा आणि येताना एकदा ती महाद्वाराच्या रेषेत येते. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना हे ठाऊक होतं. किरणं कधी मूर्तीच्या पायापर्यंत, कधी गळ्यापर्यंत पोचतात याला हवेतलं धूळ-बाष्प आणि वाटेतली बांधकामं कारण आहेत, आकाशातला दगड नव्हे.

राहिली ओढ. आपल्या चंद्राचं वजन सात लाख कोटी कोटी टन. पीएन७चं काही हजार टन. शिवाय भरतीची ओढ अंतराच्या घनानं घटते. खुद्द आपला चंद्र उचलून कामोओआलेवासारखा ३८ पट लांब ठेवला, तरी ती पन्नास हजारांत एक भाग उरेल. तिथं हा वीस मीटरचा दगड.

प्रश्न : मी पत्रिका बघतो. दुसरा चंद्र कुठल्या घरात मांडावा?
नाव छापू नये

उत्तर : सूर्याच्या. भाडेकरू म्हणून.

प्रश्न : आमच्या शाळेत संगणक कक्ष आहे, मुलं हुशार आहेत. 'शाळकरी मुलांनी लघुग्रह शोधला' अशा बातम्या येतात. आम्हाला जमेल का?
विज्ञान शिक्षक, गारगोटी

उत्तर : सर, जमेल, आणि पैसे लागत नाहीत. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन हा उपक्रम पॅन-स्टार्सची खरी छायाचित्रं शाळांना फुकट देतो. गट नोंदवायचा, ठरलेल्या मोहिमेत भाग घ्यायचा. नेट धडपणे चालत असेल तेव्हा चित्रं उतरवून ठेवा, संध्याकाळच्या विजेवर विसंबू नका.

मुलांनी नक्की काय करायचं ते सांगते. आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळानं काढलेली चार चित्रं येतात. काळी-पांढरी, नजरेला अगदी नीरस, तीळ सांडल्यासारखे तारे. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चारही एकमेकांवर ठेवून भराभर आलटून पालटून दाखवायची. तारे जागच्या जागी थिजलेले राहतात. त्यांत एखादा फिकट ठिपका टुक, टुक, टुक असा सरकतो. आता घाई करू नये. चारही चित्रांत आहे का? सरळ रेषेत जातोय का? प्रत्येक पाऊल सारखं आहे का? उजेड साधारण तेवढाच आहे का? चारपैकी एकातच असेल तर तो कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण. तिरपागडा उडत असेल तर चित्रातला कचरा. या सगळ्यातून उरलेल्या ठिपक्याचं ठिकाण मोजून अहवाल पाठवायचा. दोन मुलांना एकाच संगणकाला बसवा. एकटं पोरगं अर्ध्या तासात पेंगतं किंवा त्याला सगळीकडं लघुग्रह दिसायला लागतात.

एक गोष्ट आधीच मुलांच्या आणि पालकांच्या कानावर घाला. मिळतं ते प्राथमिक निरीक्षणाचं प्रमाणपत्र. ती वस्तू पुन्हा पुन्हा दिसून कक्षा पक्की व्हायला वर्षं जातात, क्रमांक त्यानंतर, नावाचा प्रश्न त्याच्याही नंतर. गावात फलक लावायची घाई केली की पुढं उत्तरं देताना मुलांची पंचाईत होते. तरी मुलांनी जे ठिपके मोजले ते खरे असतात आणि ते कुणाच्या तरी कक्षेच्या कामी येतात.

प्रश्न : हे सगळे न दिसणारे दगड झाले. डोळ्यांना दिसेल असा एखादा सांगा की! जगलो वाचलो तर बघू.
ज्येष्ठ नागरिक कट्टा, शिवाजी पेठ

उत्तर : तारीख लिहून ठेवा : शुक्रवार, १३ एप्रिल २०२९. वर कागलच्या मुलीला सांगितलेला अपोफिस. आदळणार नाही, पण पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, म्हणजे दूरदर्शनच्या कार्यक्रमांसाठी वर टांगलेले उपग्रह असतात त्याहून जवळून. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून नुसत्या डोळ्यांनी बघायचा योग कुणाच्या आयुष्यात सहसा येत नाही. आणि ही भेट त्याला महागात पडणार आहे : आत्ता तो सूर्याभोवतीची फेरी ३२४ दिवसांत मारतो, पृथ्वीच्या हिसक्यानं कक्षा एवढी फुगेल की पुढं त्याला वर्षाहून जास्त वेळ लागेल.

सगळ्यात जवळचा क्षण आपल्या घड्याळानं १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराचा. पण त्याची वाट बघत झोपून राहू नका. तो ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेवरून अटलांटिककडं सरकत जाणार, म्हणजे पहाटेपर्यंत आपल्या हातून निसटलेला असेल. आपण १३च्या रात्रीच बाहेर पडायचं. अमावास्या आहे, चांदण्याचा त्रास नाही. त्या रात्री बारा वाजता आंबेडकर जयंतीसाठी बिंदू चौक माणसांनी आणि रोषणाईनं फुललेला असतो, तिथून काही दिसायचं नाही. जयंती करायची असेल तर करा, नाहीतर संध्याकाळीच मसाई पठारावर जा, सतरंजी न्या, टॉर्चवर लाल कागद लावा. ताऱ्यांमधून एक ठिपका सरकताना दिसेल, विमानासारखा लुकलुकणार नाही. राजारामपुरीच्या आजोबांनी नातवालाही न्यावं. तोवर तो दहावीच्या आसपास असेल, तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक तेवढं बघून घ्या.